वचनातला एक शब्द

गणवेशाच्या कांजीचा वास आला की कर्जतच्या शाळेचं तापलेलं मैदान आठवतं आणि अजून चीड येते. स्काऊट-गाईडमधल्या गाईडचं वचन घ्यायला आम्ही मुली तीन बोटं उभारून उन्हात उभ्या होतो. वचनातल्या ‘ईश्वर’ शब्दाला माझे ओठ मिटलेले पाहून बाईंनी सगळ्यांना थांबवलं. “बाई, आमी बौद्ध. आमच्यात ईश्वर न्हाई.” “आत्तापुरता म्हण!” पुन्हा सुरुवात, पुन्हा मी गप्प. हात भरून आले, मुली माझ्यावरच करवादल्या. तेवढ्यात शेजारणीने विचारलं, “बाई, मी अल्ला म्हनू?” मागून कुणीतरी येशूचं नाव काढलं. बाईंनी कपाळाला हात लावला. “जिला जे म्हणायचं ते म्हणा, पण उरका!” त्या शब्दाला नुसता गलका झाला आणि पुढची ओळ सगळ्यांनी एका सुरात म्हटली. एवढ्यासाठी आम्हाला उन्हात का वाळवलं, हे मला आजही कळलेलं नाही.