भिकाचं पान

सन एकोणीसशे चौतीस. मी बावीस वर्षांचा. त्या दिवसाचं खरं मी आजवर कुणाला सांगितलं नाही — बायकोला नाही, देवापुढेसुद्धा नाही. शाळा दोन यत्ता झाली, अक्षर वाकडं येईल. गोष्ट वाकडी लिहिणार नाही.

पिकं घरात आली होती. मी आणि माझा चुलतभाऊ भिका म्हसावदहून तोरणमाळला फिरायला गेलो. वरच्या पाड्यातला खेत्या वाट दाखवायला बरोबर. तिथं कड्याखाली एक गुहा, आणि गुहेतूनच झरा बाहेर येतो — पाणी असं, की दात शिवशिवतात.

त्या पाड्यातल्या लोकांची एक रीत. आत जाणाऱ्याच्या नावानं टेंभुर्णीचं, ज्याची विडी वळतात ते, एक पान गुहेच्या तोंडाशी दगडाखाली ठेवायचं. बाहेर आला की त्यानं आपलं पान उचलायचं. पान उरलं, म्हणजे माणूस आत उरला. खेत्यानं आमची दोन पानं ठेवली आणि खाली निखाऱ्यावर कणकेच्या बट्ट्या भाजायला गेला. मला हसू आलं होतं — एवढी साधी रीत!

झरा कुठून उगवतो ते बघायचं, ही आमची पैज. पण आत वाट अरुंद झाली, रांगायची वेळ आली, आणि मी — कसं लिहू? बिथरलेला बैल शिंगं धरून आवरणारा मी. तो मी मागे सरकलो.

भिकानं मशाल माझ्या तोंडापुढे धरली आणि खो-खो हसला. "घाबरना का रे नाना? जाय, बट्ट्या भाज! गावमा गयावर सर्वासले सांगसू मी!"

तेवढंच. त्या हसण्यानं मी पेटलो. भिंत चाचपत बाहेर आलो आणि दोन्ही पानं उचलली. माझं फेकलं. त्याचं बंडीच्या खिशात घातलं आणि खाली खेत्याकडे गेलो.

"भिकाभाऊ कोठे शे?" खेत्यानं विचारलं.

"तो त घाबरीसन पयना. पाड्याकडे गया व्हई." भिकाच घाबरून पळाला, असं मी सांगितलं.

खेत्या वर जाऊन बघून आला. "हां. पान नही."

वाटलं, घटकाभरात येईल — ओला, चिडलेला. भांडू, मग हसू. तो आला नाही. तेव्हा बोलायला काय झालं होतं मला? तो आत आहे — तीन शब्द. पण ते बोललो, तर घाबरला कोण? आम्ही जेवलो. मी चार बट्ट्या खाल्ल्या.

उन्हं कलल्यावर पाड्यावर गेलो. भिका तिथं नव्हता. खेत्याच माणसं घेऊन परत आला आणि गुहेत शिरला.

भिका सापडला — पाय दगडांच्या फटीत अडकलेला, तोंड पाण्यात. बोटांची नखं घासून गेलेली. म्हणजे किती वेळ झगडला असेल? हाका मारल्या असतील — कुणाच्या नावानं?

खेत्या सगळ्यांपुढे छाती बडवत म्हणाला, "दगड बारका ठिया मी. पान उडी गयं." मी मान हलवली. होय, म्हटलं, वारा होता. त्यानंतर तो मरेपर्यंत कुणी त्याला गुहेच्या वाटेला बरोबर नेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेत घेऊन घाट उतरायचा होता. खेत्या सगळ्यांपासून लांब, गुडघ्यात मान घालून बसला होता. मी त्याच्याजवळ गेलो. खिशातलं पान काढलं, त्यात तंबाखू भरली, विडी वळली आणि त्याला दिली. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली. मी काडी ओढून धरली.