डिस्कची तीन कपाटं

साकीनाक्याच्या आमच्या कंपनीत कॉम्प्युटर येणार होता. त्याच्या खोलीत वीज कशी खेळवायची याचा नकाशा साहेबांनी माझ्यावर सोपवला होता. नोकरीला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं, आणि त्या विभागात मी एकटीच मुलगी.

तेव्हाचा कॉम्प्युटर खोलीभर असायचा; या यंत्राची कपाटं सहा. प्रत्येकाच्या पाटीवरचा करंट बघून मी विजेच्या तिन्ही फेजवर, म्हणजे तीन तारांवर, लोड सारखा वाटला. डिस्कची तीन कपाटं शेजारी-शेजारी राहणार होती, म्हणून ती एकाच लाल फेजवर घेतली. आकडे झकास जुळले. साहेबांनी सही केली.

केबल टाकायला वायरमन काका आले. मूळचे मालवणकडचे, गिरणी बंद पडल्यावर आमच्याकडे लागलेले. नकाशा धरून त्यांनी डिस्कच्या कपाटांवर बोट ठेवलं.

"बाय, ह्या तिन्ही कपाटांत मोटारी आसत मा?"

"हो काका, डिस्क फिरवायला."

"मग चालू होताना किती खातत, ता खंय लिवलंस?"

कुठेच लिहिलं नव्हतं. मोटर सुरू होताना कितीतरी पट जास्त करंट ओढते, हे कॉलेजात शिकले होते मी! तिन्ही एकदम सुरू झाल्या असत्या तर ब्रेकर पडून सगळ्या खोलीची वाट लागली असती, तीही सोमवारी, यंत्र पहिल्यांदा सुरू करताना, मोठ्या साहेबांसमोर.

"गिरणीत आमी मोटारी एकदम कधी चालू करूक नाय," काका म्हणाले. "एक वेग धरी, मगे दुसरी."

मी तशीच साहेबांकडे गेले. चूक सांगितली, ती काकांनी पकडली हेही सांगितलं.

"केबल मापाने कापून झाल्या का?"

"नाही, साहेब."

"मग रडता कशाला? नकाशा बदला."

मी रडत होते हे मला तेव्हा कळलं.

डिस्कचं एकेक कपाट एकेका फेजवर गेलं. सोमवारी आम्ही ती एकामागून एक सुरू केली. प्रत्येक वेळी मीटरचा काटा उसळायचा आणि खाली येऊन स्थिर व्हायचा. तिसऱ्या वेळीही काटा खाली आला. खोलीतला दिवासुद्धा लुकलुकला नाही. मोठ्या साहेबांना तर यात बघण्यासारखं काही वाटलंच नाही. ते चहा घेऊन निघून गेले.

मी बाहेर जिन्यात येऊन बसले. चार दिवसांनी पहिल्यांदा कडकडून भूक लागली होती.

"बाय, जेवलंस?" काकांनी डबा उघडत विचारलं.

"नाही," म्हटलं, "द्या!"