सुमनला विचारा की

शुक्रवार पेठेतल्या नीलव्वाच्या किराणा दुकानात नवी बाई आली, की नीलव्वा तागडीला हात लावायच्या आधी तिचं नाव विचारायची. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सवयीनं म्हणाले, "कोपऱ्यावरच्या मास्तरांची बहीण."

"मास्तरला वळखते मी. तू कोण?"

"सुमन."

सत्तर सालानंतरची गोष्ट. नवऱ्यानं घराबाहेर काढलं, म्हणून मी वैरागहून भावाकडे आले होते. नळावर मी दिसले की बायका गप्प होत. 'टाकलेली' एवढीच माझी ओळख; मीही मान वर करीत नसे.

नीलव्वा पन्नाशीची, कपाळावर विभूती. घरात कन्नड, दुकानात मराठी. रागावली की दोन्ही एकदम. एकदा तिचं बिघडलेलं झंपर मी उसवून पुन्हा शिवून दिलं. ते घालून ती नळावर आली आणि साऱ्या बायकांना म्हणाली, "सुमननं शिवलंय. लई चांगला हात हाय तिचा." त्याच आठवड्यात शेजारीण कापड घेऊन दारात उभी! वहिनीच्या मशीनवर मी शिवू लागले. हळूहळू गल्लीत 'सुमनताई' झाले.

मग एक दिवस नवरा आणि सासरे मला न्यायला आले. ओसरीवर वडीलधारी मंडळी बसली. कुणी म्हणे पाठवा, कुणी म्हणे नीट नांदवीन असं आधी लिहून घ्या. मी दाराआड.  भाऊ मला पाठवायला तयार होत चालला होता. तेवढ्यात न बोलावता नीलव्वा आली आणि उंबऱ्याशीच बसली.

थोडं ऐकून म्हणाली, "किती येळ बोलताय सगळे! सुमनला विचारा की."

 भाऊ दाराकडे वळला. "सुमे, तुझ्या मनात काय आहे?" असं त्यानं मला कधीच विचारलं नव्हतं.

"मी जाणार नाही." मी दाराआडूनच म्हणाले. तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

सासरे उठले. भाऊ त्यांना थांबा म्हणाला नाही.

म्हातारपणी नीलव्वा मंद्रूपला लेकीकडे राहायला गेली. शेवटच्या दुखण्यात मी भेटायला गेले, तेव्हा म्हटलं, "नीलव्वा, तू नसतीस तर माझं तोंड उघडलं नसतं."

"खुळी हायस. बोललीस ती तुजी हिंमत," ती म्हणाली. "पन ऐकायला मानसं लागत्यात की. भिताडाला सांगून काय उपेग?"

काही दिवसांनी ती गेली. मी पोचले तेव्हा बाहेरच्या बायकांत बसू लागले. तिच्या लेकीनं हात धरून मला आत, घरच्यांत नेऊन बसवलं. मग मी पोटभर रडले.