खुर्ची मी फिरवली

माझ्यामुळे एका बाईचा चांगला कान गेला. मी सर्जन नाही, हत्यार मी कधी हातात धरलेलं नाही. भिवंडीतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी कानाच्या तपासण्या करते. काचेआड बसून बटण दाबायचं, पेशंटने हात वर केला की कागदावर खूण करायची. एवढ्याशा कामात कोणाचं काय वाकडं होणार, असं मलाही वाटायचं.

कानाची ऑपरेशनं करणारे आमचे सर तेव्हा एक अभ्यास करत होते. कान वर्षानुवर्षं वाहत राहिला की आतली नाजूक हाडं कुजतात. ते कुजकं काढून टाकायचं, नवा पडदा बसवायचा, आणि जमलं तर माणसाला पुन्हा ऐकू येईल असा कान आतून जुळवायचा, हे सरांचं ऑपरेशन. भिवंडीत असे कान ढिगाने सापडतात. ऑपरेशनआधी पेशंटला किती ऐकू येत होतं आणि वर्षाने किती येतं, याची नीट नोंद ठेवून ते परिषदेत मांडायचं असं ठरलं. आधीची आणि नंतरची, दोन्ही तपासण्या माझ्याकडे. "अभ्यास सगळा तुझ्यावर उभा आहे," असं सर म्हणाले आणि पुढचे चार दिवस मी हवेत होते. माझं नाव छापून येणार हे टेमघरला आमच्या आळीत सांगायचं कोणी बाकी राहिलं नाही.

तपासणीची खोली म्हणजे आतून जाड फोम लावलेली, एका बाजूला काच असलेली पेटीच. आत हेडफोन लावून पेशंट, बाहेर मशीनपाशी मी. कानात बारीकसा आवाज आला की हात वर करा, एवढंच त्याला सांगायचं. पेशंटने काचेकडे कडेने बसायचं असतं, म्हणजे मला त्याचा गाल दिसतो आणि त्याला मी दिसत नाही. हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. आमच्याकडची खुर्चीही तशीच होती. पण लोक हात धड वर करत नाहीत. बायका पदराआड बोट हलवतात, पुरुष मांडीवरच चुटकी वाजवल्यासारखं करतात. ते टिपायला मला मान वाकडी करून बसावं लागायचं. अभ्यास निम्म्यावर आला तोवर मान इतकी दुखायला लागली, की एक दिवस वैतागून मी आत गेले आणि खुर्ची सरळ माझ्या समोर फिरवली. कोणाला विचारलं नाही. मला माहीत नव्हतं असं नाही. मला कोण विचारणार, असा माज होता.

त्यानंतर काम भराभर उरकायला लागलं. वर्षाच्या तपासणीला येणारे पेशंट टकाटक हात वर करत. आकडे सुधारले. सर कागद चाळत म्हणाले, "हात बसलाय आता माझा." मीही मान डोलावली. कागद आपल्या मनासारखे असले की ते उलटून बघायची इच्छा कोणाला होत नाही, मला तर मुळीच झाली नाही.

जिचा कान गेला ती बाई, तिला आम्ही सगळे काकी म्हणायचो, पहिल्यांदा आली ती खुर्ची फिरवण्याच्या आधी. कोन गावची, पन्नाशीच्या अलीकडची. लग्न झाल्यापासून कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यात कांडी मशीनवर, म्हणजे धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरायच्या कामाला. दोन्ही कान वाहायचे. उजवा जवळजवळ गेलेला, डावा मात्र वाहत असूनही बऱ्यापैकी ऐकायचा. मी टेमघरची आहे हे कळल्यावर तिने माझा हातच धरला.

"टेमघरची कं? मंग तू आपलीच, बाय. नीट बघ माजा कान."

कशासाठी ऐकायचंय, हेही तिने न विचारता सांगितलं. तिची बहीण अकलोलीला दिलेली. ड्युटी सुटली की रोज संध्याकाळी दोघी फोनवर बोलायच्या. फोन डाव्या कानाला. "येवडा कान सांभाळा," ती म्हणाली, "बाकी कारखान्यात कोनाला कानाचा उपेग हाय?"

सरांनी आधी उजवा केला. तोच जास्त खराब होता, आणि नियमही तसाच आहे: जो कान ऐकतो तो शेवटी उघडायचा, दुसरा कामाला लागलाय याची खात्री झाल्यावरच. वर्षाने ती तपासणीला आली तेव्हा खुर्ची माझ्या समोर होती. उजव्या कानाला मी आवाज दिले आणि काकीने प्रत्येक वेळी हात वर केला. इतका सुंदर निकाल मी त्या वर्षात पाहिला नव्हता. तिची लेक सोबत होती, कल्याणला नोकरी करणारी, चटपटीत मुलगी. ती जरा घुटमळत म्हणाली, "मॅडम, पण मम्मी अजून डावाच कान पुढे करते. उजवीकडून हाक मारली की बघत पण नाय."

"सवय असते," मी म्हटलं. "इतक्या वर्षांची सवय एका दिवसात जाते का?"

मग सरांनी मला बोलावून विचारलं, "उजवा नक्की चांगला आहे ना? तरच डावा उघडतो." डाव्यातला आजार आत सरकत चालला होता. दर आठवड्याला साफ करत थांबता आलं असतं. पण उजवा चांगला असेल तर थांबायचं कारण नव्हतं. मी म्हटलं, "हो सर, एकदम छान आहे." यापेक्षा जास्त काही मी बोलले नाही.

डावा उघडला तेव्हा आजाराने आतल्या कानाची भिंत खाल्लेली निघाली. अशा कानात सगळं नीट करूनही ऐकू येणं जाऊ शकतं. सरांनी तसं आधी समजावलंही होतं आणि काकीने अंगठ्याऐवजी ठसठशीत सही केली होती. जखम भरली, कान वाहायचा थांबला. मी तपासणी केली. डावा चांगला, उजवाही चांगला. मी कागदावर खुणा केल्या आणि अभ्यासाच्या तक्त्यात काकीच्या नावापुढे 'सुधारणा' असं लिहिलं.

पंधरा दिवसांनी लेक तिला घेऊन परत आली.

"मॅडम, मम्मीला काय पण ऐकायला येत नाय."

"रिपोर्ट बघितलास का? दोन्ही कान चांगले आहेत."

"मावशीशी बोलत नाय ती. नुसता फोन लावला तर हॅलो हॅलो करून ठेवून देते. व्हिडिओ लावला का मग सगळं कळतं तिला."

आता हे लिहिताना मला माझीच लाज वाटते. 'व्हिडिओ लावला की कळतं,' यापुढे त्या पोरीने अजून काय सांगायला हवं होतं? पण मी तिलाच झापलं. म्हटलं, अकलोलीला नेटवर्क कुठे नीट असतं, आणि मशीन काही खोटं बोलत नाही. आईकडे जरा लक्ष द्या घरी, तिच्याशी बोला, असाही फुकटचा सल्ला दिला. ती ऐकून घेऊन तिथेच उभी राहिली.

"परत करा तपासणी," ती बोलली. "मी नाय जात."

मी आदळआपट करतच काकीला आत बसवलं. सकाळचे अकरा वाजले असतील. उजव्यापासून सुरुवात केली. हात वर, हात वर, हात वर. मी लेकीकडे बघून भुवया उडवल्या. आणि लाईट गेली.

आमच्याकडे लाईट जाण्यात नवल नाही. मशीन आणि पेटीतला छोटा दिवा बॅटरीवर चालतो, त्यामुळे तपासणी थांबवावी लागत नाही. फक्त माझ्या बाजूची ट्यूब विझली आणि मी अंधारात गेले. शिवाय लाईट गेली की आसपासचे सगळे लूम एकदम थांबतात. दिवसभर भिंतींतून येणारी ती खडखड बंद पडते आणि मोहल्ला चक्क गप्प होतो. तपासणीला याहून चांगली वेळ मिळत नाही. मी बटण दाबलं.

काकी दिव्याखाली बसून काचेकडे बघत होती. हात मांडीवर.

मी आवाज वाढवला, पुन्हा दाबलं. मग आणखी वाढवला. एवढ्या आवाजाला निरोगी माणूस हेडफोन काढून फेकेल. ती शांत बसून होती, डोळे बारीक करून अंधारात मला शोधत. डाव्या कानाला दिलं. काही नाही. माझ्या पाठीमागे लेक उभी होती, तिच्या श्वासाचा आवाज मला येत होता.

लाईट आली. लूम सुरू झाले. मी हेडफोनची वायर मशीनमधून उपटून काढली आणि नुसतंच बटण दाबलं. काकीने हात वर केला.

मी आत गेले, तिच्यासमोर बसले आणि विचारलं, "काकी, आवाज आला हे तुम्हाला कसं कळतं?"

तिला प्रश्नच विचित्र वाटला. "तुजा खांदा खाली येतो ना जरासा," ती म्हणाली, "तवा वाजतं."

ती फसवत नव्हती. पंचवीसेक वर्षं जिथे शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नाही अशा ठिकाणी तिने काढली होती. तिथे मुकादमाच्या ओठांवरून शिवी कळते, चार मशीन पलीकडच्या बाईच्या बोटांवरून कळतं की चहा आला. तिच्या लेखी हेच ऐकणं होतं. आणि हे मला माहीत नव्हतं असंही म्हणायची सोय नाही. आमच्या वडिलांचा स्वतःचा लूमचा गाळा होता. आई जेवायला बोलवायला दारात उभी राहायची, तोंडातून शब्द न काढता ओठ हलवायची, आणि आतून वडील ओठांनीच उत्तर द्यायचे. मी लहानपणी हे रोज पाहिलंय. शिकून आले, पांढरा कोट घातला आणि विसरले.

सरांना मी त्याच दिवशी सांगितलं. ते ओरडले नाहीत. उठून तपासणीच्या खोलीत गेले, खुर्चीकडे पाहिलं, आणि स्वतःच्या हाताने ती कडेला फिरवली. मग म्हणाले, "सगळ्यांना परत बोलाव." ज्यांची तपासणी खुर्ची फिरवल्यानंतर झाली होती त्या सगळ्यांना मी फोन केले, घरी माणसं पाठवली. जे आले, त्यांतल्या लूमवाल्यांचे कान कागदावर होते त्यापेक्षा कितीतरी वाईट निघाले. चांगले निकाल लूमवाल्यांच्या डोळ्यांचे होते. परिषदेत काही मांडलं गेलं नाही. सरांनी कधी त्याचा विषय काढला नाही. एकदाच म्हणाले, "तो डावा कान पुढेमागे उघडावा लागलाच असता, कदाचित." मला बरं वाटावं म्हणून बोलले. त्या 'कदाचित'चं मी काय करू?

काकीच्या उजव्या कानात अगदी तळाशी थोडंसं शिल्लक होतं. त्यावर कानात घालायचं ऐकण्याचं मशीन लावून पाहिलं. तिला त्यातून नुसती घरघर यायची, ती काढून पिशवीत ठेवायची. कानाला लावायचा फोन तर गेलाच. कारखान्यात ती पुन्हा कामाला लागली आणि तिथे कोणाला काही फरक कळला नाही.

पण काय झालं हे तिला सांगायचं राहिलं होतं. सरांनी विचारलं, मी सांगू का? मी म्हटलं, नाही, मीच सांगते. धीराने म्हटलं खरं. मायलेकी समोर येऊन बसल्या तसा माझा हात खणात गेला आणि कोरोनापासून तिथे पडून असलेल्या मास्कांमधला एक काढून मी तोंडाला लावला. सर्दी झालीय म्हटलं. सर्दीबिर्दी काही नव्हती. मास्कमधून मी सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता, लेकीकडे बघून. खुर्ची मी फिरवली, उजवा कान कधी सुधारलाच नव्हता, माझ्या रिपोर्टवर विसंबून सरांनी डावा उघडला. काकी माझ्या डोळ्यांकडे, मास्ककडे, लेकीच्या तोंडाकडे बघत होती. "काय बोलते?" तिने लेकीला कोपराने ढोसलं. "काय बोलते ती?"

लेक रडत नव्हती. तिने माझ्याकडे बोट केलं.

"तो काढा," ती बोलली, "आणि तिला सांगा."

मी मास्क काढला. सगळं पुन्हा सांगितलं, सावकाश, तिला ओठ दिसतील असं. ती शेवटपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मध्ये एकदा मला हुंदका आला तेव्हा तिने हाताने थांबवलं, शब्द कळला नाही अशी खूण केली, आणि मला ते वाक्य परत म्हणावं लागलं.

"म्हंजे तवा वाजलंच न्हवतं?" तिने विचारलं.

"नाही, काकी."

"येक पन न्हाय?"

मी मान हलवली. ती माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने पदर सारखा केला आणि मग मला समजावल्यासारखं म्हणाली, "मी हात वर केला का तू हसायची, बाय. मना वाटायचं, आयकलं मी."