दोर धरायला भाऊ

पाटणच्या जैनुद्दीन मणेराचा आवाज मोठा आणि हात मऊ. बाईचा हात दाबून बांगडी अशी चढवायचा की तिला कळतसुद्धा नसे. कोयनेचा मोठा भूकंप होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून गडी डोंगरातल्या वाड्यांवर निघाला आणि धुक्यात वाट चुकला. रानात चिटपाखरू नाही. अस्वलाच्या धास्तीनं अल्लाचं नाव घेत चालला होता, तेवढ्यात वरून बाईची किंकाळी आली.

धापा टाकत वर जाऊन बघतो, तर कड्याच्या तोंडाशी एक कातकरी कुटुंब. किंचाळली ती शालू. तिचा नवरा कोंडीबा मध काढायला दोरावरून खाली उतरलेला. झाडाला दोराचा वेढा देऊन टोक धरलं होतं शालूच्या भावानं, अर्जुनानं. पण पोळ्यावरच्या माश्या उठल्या आणि त्याला डसल्या. डोळे सुजून मिटलेले, हातातून दोर सरकतोय.

जैनुद्दीननं माळा टाकून दोराकडं झेप घेतली, तर शालूच आडवी!

"हात लावू नगा!"

"आगं, मरंल की त्यो!"

"आमच्यात दोर बायकूच्या भावानंच धरायचा. भनीचं कुक्कू हाय म्हून त्यो मरंल पर सोडायचा न्हाई. बाईनं धरायचा न्हाई, परक्यानं तर न्हाईच न्हाई!"

"शाले, हात सुटाय लागलं!" अर्जुना ओरडला.

खालून कोंडीबाची हाक आली, "आरं मेव्हण्या, झोपलास व्हय रं?"

शालूची नजर माळांवर गेली. तिनं रिकामं मनगट पुढं केलं.

"भरा बांगड्या! बांगडी भरतो त्यो म्हायेरचा. भाऊच की! भरा आवं!"

जन्मभर बायकांचे हात भरले, पण आज बोटंच ऐकेनात. पहिली बांगडी फुटली. दुसरी फुटली, मनगटातून रक्त आलं. शालूनं हात तसाच पुढं धरला. तिसरी एकदाची चढली, तसा तो अर्जुनाच्या मागं दोराला लटकला. तळहात सोलून निघाले. दोघांनी मिळून ओढत ओढत कोंडीबाला काठावर आणला.

कोंडीबा पालथाच पडला. श्वास आल्यावर त्यानं त्या दाढीवाल्याकडं पाहिलं.

"ह्यो कोण?"

"माझा भाऊ."

"लग्नात तर कुटं दिसला न्हाई!"

जैनुद्दीनच्या मुठी अजून दोरावर आवळलेल्याच होत्या. शालू त्याच्यासमोर बसली आणि त्याचं एकेक बोट उघडू लागली.

"सोड आता, दादा. आला त्यो वर."