कोरडी होईपर्यंत

"अशी घाण घेऊन माझ्या टेबलावर चढायचं नाही. घरी जा, आंघोळ कर, मग ये."

डॉक्टर मॅडम हे सगळ्या रांगेसमोर बोलल्या. मला सहावा महिना होता. सोयाबीन सोंगता सोंगता वावरातून थेट तालुक्याच्या दवाखान्यात आले होते. पायाला काळी माती, अंगाला घाम. ज्यांच्या वावरात मी राबत होते, त्यांची सूनही रांगेत होती. तिच्याही चपलेला तीच माती. तिला "ताई, बसा" म्हणाले. मला दवाखान्यातल्या मावशीनं आडनाव विचारलं. सांगितलं. तिनं टेबलावरची चादर काढून घेतली. त्यावर मॅडमचं हे वाक्य. रांगेतल्या दोघी हसल्या.

मी हात जोडून "बरं मॅडम" म्हणाले. घरी आले. अंग घासघासून धुतलं.

आठव्या महिन्यात चुलीपुढे बसले होते. अचानक मांड्या भिजल्या. लघवी नव्हती, पाणी होतं, थांबवता येत नव्हतं. दुखतही नव्हतं. सासूनं पाहिलं. ती घाबरली, पण पाण्याला नाही. दवाखान्याला.

"आटू दे पोरी. अशी थेंब थेंब गयत गेली तर पुन्हा हाकलतीन तुले."

मला ते पटलं. हेच मला आजही झोपू देत नाही. आम्हा दोघींना ते अगदी बरोबर वाटलं. मी आंघोळ केली. लुगडं बदललं. ते भिजलं, दुसरं नेसले. घडी घातलेली कापडं संपली. दिवसभर थेंब थेंब सुरूच. कोरडी झाले की जाऊ, असं म्हणत दिवस मावळला. रात्री हुडहुडी भरली. सकाळी अंग तव्यासारखं तापलं, पाण्याला वास यायला लागला, तेव्हा नवऱ्यानं ऑटो बोलावला. तालुक्याच्या दवाखान्यानं हातही न लावता अमरावतीला पाठवलं.

मुलगी झाली. मुठीएवढं तोंड. काचेच्या पेटीत तिच्या फासळ्या आत ओढल्या जायच्या. मला वाटायचं, ती काहीतरी मागते आहे. दोन दिवस मागत राहिली. मग थांबली.

तिथल्या एका तरुण डॉक्टरनं जवळ बसून नीट सांगितलं. कळा नसल्या तरी पाण्याची पिशवी फुटली की लगेच यायचं. आतली वाट उघडी पडते, जंतू वर चढतात. वेळेत आलं तर जंतूंवर औषध देता येतं, बाळाच्या कच्च्या फुफ्फुसांसाठी इंजेक्शन देता येतं. वाचलीच असती असं नाही, म्हणाला. पण संधी होती.

संधी होती. मोरीत बादली भरायला लागली की मला हेच ऐकू येतं.

पुढं तपासणीसाठी तालुक्याला जावंच लागलं. तीच रांग. मॅडमनी कागद चाळले.

"पाणी फुटल्यावर दिवसभर घरी बसलीस? तुम्हा लोकांना किती सांगायचं?"

नवऱ्यानं माझा हात दाबला. मी सोडवून घेतला.

"कोरडी व्हायची वाट पाहून राहिली होती मॅडम. तुमीच घाण म्हणून हाकललं होतं मले. या रांगेतच."

कोणी हसलं नाही. मॅडम म्हणाल्या, बाहेर हो. मी बाहेर झाले नाही. टेबलापाशी गेले आणि मावशीला म्हटलं, "चादर टाक बाई. त्याबिगर मी झोपत नाही."

मी टेबलाची कड धरून उभीच राहिले. शेवटी चादर आली.

आता मी गावोगाव फिरते. पाणी फुटल्यावर काय करायचं त्याचं पत्रक वाटते, पण पत्रकावर विसंबत नाही. बायांना गोळा करून तोंडानं सांगते. पाणी गेलं की उठायचं. कळांची वाट पाहू नका. धुऊ नका, आवरू नका, लाजू नका. तडक दवाखान्याकडे निघायचं.

मागच्या महिन्यात अकोल्याकडच्या एका गावातल्या पोरीला तशीच घेऊन गेले. फरशीवर तिच्या पायांचे ओले ठसे उमटत होते. तिथली मावशी ओरडली. मी पोरीला थांबू दिलं नाही. तिचं लेकरू जगलं. त्यानं माझं दुःख हलकं झालं, असं कोणी लिहू नये. झालं नाही.

माझी पोर पाण्यानं गेली नाही. तिला लाजेनं मारलं, आणि ती लाज आमची नव्हती. आमच्यावर लादलेली होती. ज्या दवाखान्यात बाईला आधी हाकलतील आणि मग उशीर का केला विचारतील, त्याच्या दारात मी बसणार आहे. उठवायला पोलीस आणावे लागतील. त्यांनाही सगळं पहिल्यापासून सांगीन.