दादांचा तिसरा कप

सोमवारी दादा गेले.

तेराव्यानंतर मी चिंचवड स्टेशनाजवळच्या पेंटरकडे गेलो. तो कारखान्यांच्या पाट्या रंगवायचा. कानावर ब्रश, आणि बोलताना एक डोळा मिटून समोरच्याचे माप घेण्याची खोड. दादांचा एकही फोटो नव्हता. चेहरा विसरेन अशी मला भीती वाटत होती. दादा रोज ज्या हॉटेलात कॉफी प्यायचे, तिथेच हाही बसे. म्हणून त्या टेबलाशी बसलेले दादा जलरंगात काढून मागितले.

"पाटीवाल्याला मानूस जमंल व्हय?" तो म्हणाला. पण आठ दिवसांनी त्याने चित्र आणून आईसमोर ठेवले. दादा हुबेहूब होते. फक्त त्यांच्यापुढे दोन रिकामे कप होते, आणि तिसरा ते बशीत ओतत होते.

"डॉक्टरांनी दिवसाला एकच सांगितला होता," मी म्हणालो.

"त्यो घरी सांगायचा कप, राव. आमी बघितलं तेवढंच काढलं. आनि ह्यो तपकिरी रंग हाय ना, तिथल्याच कॉफीचा."

आई पदर तोंडाला लावून हसली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा. "तरीच रात्रभर कूस बदलायचे," ती म्हणाली.

चित्र आता स्वयंपाकघरात आहे. कॉफीचा रंग फिकट झाला आहे. तिन्ही कप अजून दिसतात.